पाइपचा कपड्यांचा स्टॅण्ड घरीच बनवावा, पण भिंतीच्या भरवशावर नको

लग्नसराई तोंडावर आली की कापडाच्या आणि शिलाईच्या दुकानांत एकच अडचण उभी राहते, ती म्हणजे तयार माल ठेवायचा कुठे? ताग्यांना फळी चालते. शर्टपीस-पॅण्टपीसला काचेचा खण चालतो. पण शिवून तयार झालेला कोट, जोधपुरी, शेरवानी किंवा वकील साहेबांचा काळा कोट, हे घडी घालून थप्पीला लावायचे कपडे नव्हेत. कोटाच्या छातीत आतून कॅनव्हास असतो, खांद्यात पॅड असते. थप्पीच्या वजनाखाली कॅनव्हासला मोड पडते, पॅड चपटे होते आणि गिऱ्हाईक कोट अंगात घालून आरशासमोर उभे राहिले की सगळा दोष मास्टरच्या कात्रीवर येतो. मग पुन्हा इस्त्री, पुन्हा वाद, आणि शेवटी शंभर-दोनशे रुपये सोडून सौदा मिटवणे आले.

मोठ्या शहरातले दुकानदार स्टीलचे तयार स्टॅण्ड मागवतात. उमरीसारख्या गावातल्या टेलर मास्टरला किंवा लहान दुकानदाराला तो खर्च जड जातो. त्याच्यासाठी नळाच्या पाइपचा स्टॅण्ड हा चांगला तोडगा आहे. सामान गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळते, वेल्डिंग लागत नाही आणि काम एका दिवसाचे आहे. मात्र यात एक मोठी चूक होऊ शकते. ती आमच्या हातून झाली, म्हणून आधी तीच सांगतो.

शेरवानी आमच्या मुलुखाला नवी नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीत, दावतीत शेरवानी हा अदबीचा पोशाख होता, हिंदूंचाही आणि मुसलमानांचाही. जुन्या घरांत ती टांगायला भिंत बांधतानाच लाकडी खुंट्या बसवलेल्या असत. (आमच्या उर्दू शाळेतही शब्द खूंटीच होता, त्यामुळे मराठी शिकताना हा एक शब्द फुकटात पदरात पडला.) खुंटीला एक फायदा असा की कपडा भिंतीला चिकटून लोंबतो, वजन भिंतीजवळच राहते. तोटा असा की कॉलरवर सगळा भार येतो आणि मानेमागे टोक उठते. खांदा राखायचा तर हॅंगर पाहिजे. हॅंगर साधारण सतरा इंच रुंद असतो, म्हणून दांडा भिंतीपासून दहा-बारा इंच पुढे घ्यावा लागतो. आमचा घोटाळा या बारा इंचांनीच केला.

आमच्या दुकानाची मागची भिंत जुनी, मातीत रचलेल्या विटांची, वरून सिमेंटचा गिलावा. आम्ही त्या भिंतीवर दोन फ्लॅंज बसवले. फ्लॅंज म्हणजे भोके असलेली गोल लोखंडी चकती, तिच्यात पाइप आट्यांनी बसतो. फ्लॅंजातून फूटभर पाइप पुढे काढले, एल्बो लावले आणि मध्ये सहा फुटांचा दांडा टाकला. भिंतीत छिद्रे पाडून लाकडी खुंट्या ठोकल्या, त्यांत स्क्रू आवळले. दोन्ही हातांनी लोंबून पाहिले, दांडा हलला नाही. महिनाभर सगळे ठीक चालले. सराईत शेजारच्या मास्टरांच्या दुकानात जागा उरली नाही, तेव्हा त्यांचाही तयार माल आम्ही आमच्याच दांड्यावर घेतला. एका संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी निकाह असलेल्या नवऱ्या मुलाची मोतिया रंगाची शेरवानी त्यात असताना, डाव्या बाजूचा फ्लॅंज गिलाव्याच्या खपल्यासह बाहेर आला आणि सगळा माल नुकत्याच पुसलेल्या ओल्या फरशीवर, विटांच्या मातीत. मास्टरांचा शागीर्द अर्ध्या मिनिटापूर्वी त्याच दांड्याखालून उठून चहा सांगायला गेला होता. पाइप दहा-अकरा किलोचा नसला तरी डोक्यात बसायला तेवढा लागत नाही.

शेरवानी धुवायलाही वेळ नव्हता. मुलाच्या वडिलांना आम्ही दुकानातली दुसरी तयार शेरवानी दिली, पैसे घेतले नाहीत. आमचे कापड गेले, मास्टरांची शिलाई गेली, आणि त्या घराने पुढच्या लग्नाचा बस्ता दुसरीकडे बांधला. त्यांना दोष कसा देणार?

नंतर शांतपणे हिशेब केला तेव्हा कळले की पाइपचा यात काहीही कसूर नव्हता. दांड्यावर सत्तावीस-अठ्ठावीस कपडे होते. हॅंगरसह एका कपड्याचे दीड किलो धरले तर चाळीस किलोंच्या आसपास, म्हणजे एका बाजूला वीस किलो. हे वीस किलो भिंतीपासून बारा इंच पुढे टांगलेले होते. फ्लॅंजवरच्या वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधले अंतर मात्र जेमतेम अडीच इंच. पहारेने दगड उचलताना जे होते तेच येथे होते, फक्त उलट्या बाजूने. वीस गुणिले बारा, भागिले अडीच: वरच्या स्क्रूंवर शहाण्णव किलोची ओढ. वीस किलोसाठी बसवलेला स्क्रू जवळजवळ एक क्विंटल ओढत होता, आणि तोही मातीत रचलेल्या विटेत. आम्ही लोंबून पाहिले होते खरे, पण मिनिटभरच आणि हात भिंतीजवळ धरून. मातीच्या भिंतीतली खुंटी एकदम सुटत नाही. ती रोज थोडी थोडी सैल होते, आणि गिलावा ते झाकून ठेवतो.

आपल्या भागात अशा भिंती घरोघर आहेत. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे १९९३ च्या किल्लारी भूकंपात काय झाले, हे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की भिंत सिमेंटच्या जुडाईची आहे याची खात्री नसेल तर दांडा भिंतीवर लावूच नये. जमिनीवर उभा राहणारा स्टॅण्ड करावा. त्यात कपड्यांचे वजन सरळ पायांवर उतरते, ओढ कुठेच येत नाही.

आता सामान. नळाचा जी.आय. पाइप घ्यावा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. तो अर्धा, पाऊण, एक इंच अशा मापांत मिळतो, पण हे माप आतल्या पोकळीचे समजावे. पाऊण इंची पाइप बाहेरून सुमारे २७ मिलिमीटर भरतो. पाइपवर रंगाची पट्टी असते: पिवळी म्हणजे हलका, निळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जड. आपल्या कामाला पिवळ्या पट्टीचा पाऊण इंची पुरे. अर्धा इंची घेऊन पैसे वाचवू नयेत. पाऊण इंची पाइप त्याच्यापेक्षा वाकायला जवळजवळ अडीच पट कठीण असतो आणि भावातला फरक तेवढा नसतो.

दांड्याची लांबी चार फूट ठेवावी. सहा फूट करण्याचा मोह सगळ्यांना होतो, आम्हालाही झाला होता. पण लांबी दीडपट झाली की त्यावर कपडेही दीडपट येतात आणि मधला झोळ पाच पट होतो. पिवळ्या पट्टीच्या पाऊण इंची पाइपवर चार फुटांत दोन डझन कोट टांगले तर मध्यभाग साधारण तीन मिलिमीटर खाली येतो, डोळ्याला दिसतही नाही. सहा फूट भरून टांगले तर तोच झोळ पंधरा मिलिमीटरच्या पुढे जातो आणि सगळे हॅंगर घसरत मध्ये गोळा होतात. जास्त जागा हवी असेल तर दोन स्टॅण्ड करावेत. लांबच दांडा हवा असेल तर तो एक इंची पाइपचा घ्यावा. प्लॅस्टिकच्या पाइपची सूचना पुष्कळजण करतात. त्याचा झोळ उन्हाळ्यात कायमचाच बसतो, मग कपडे काढले तरी दांडा सरळ होत नाही.

स्वस्तात पाइप हवा असेल तर आधी भंगारवाल्याकडे चक्कर मारावी. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरोघरचे लोखंडी नळ निघून प्लॅस्टिकचे आले, त्यामुळे जुना जी.आय. पाइप भंगारात वजनावर मिळतो. त्याच्या टोकांना आटे आधीच असतात, हा वरचा फायदा. घेताना पाइप जमिनीवर लोळवून पाहावा, वाकडा असेल तर अडखळत जातो. आतून गंजून कागदासारखा झालेला तुकडा हातात घेतला की वजनावरून कळतो. वरचा दांडा मात्र नवाच घ्यावा, कारण कपड्याजवळ तोच येतो.

नवा पाइप वीस फुटी म्हणून विकला जातो, पण टेप लावला तर पुष्कळदा सहा मीटरच भरतो, म्हणजे वीस फुटांना चार बोटे कमी. म्हणून आम्ही मापे अशी बसवली आहेत की एकाच पाइपात काम व्हावे. वरचा दांडा चार फूट, एक तुकडा. उभे खांब सव्वाचार फूट, दोन तुकडे. खालचा आडवा दांडा दोन अर्ध्यांत, प्रत्येक अर्धा एक फूट साडेअकरा इंच. पायांचे तुकडे नऊ इंच, चार. बेरीज एकोणीस फूट पाच इंच होते. याशिवाय फिटिंग: दोन एल्बो, चार टी, चार कॅप, चार इंचाचे दोन तयार निपल आणि एक युनियन. निपल तयारच घ्यावे, एवढा आखूड तुकडा वाइसमध्ये धरून दोन्हीकडे आटे पाडता येत नाहीत. सगळे फिटिंग पाऊण इंची. आट्यांची डाय गावात कोणाकडे असते, हा प्रश्न पडू नये. बोअरच्या मोटारी बसवणाऱ्या कारागिराकडे ती असतेच, आणि कापून आटे पाडण्याची मजुरी तो टोकावर घेतो. मोजायची टोके अठरा आहेत. आमचा पहिला स्टॅण्ड मजुरीसह दोन हजारांच्या थोडा आत बसला, अर्धा पाइप भंगारातला होता. लोखंडाचा भाव स्थिर नसतो, तेव्हा निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. बाजारात याहून कमी भावात घडीचे स्टॅण्ड मिळतात हे खरे. त्यांचे सांधे प्लॅस्टिकचे असतात, शर्टांना चालतात, शेरवानीच्या सराईला नाही.

युनियन कशाला, असे हार्डवेअरवाला विचारील. ती विसरली तर काम शेवटच्या सांध्यावर अडते आणि आख्खा दिवस वाया जातो. कारण असे की चौकट चारही बाजूंनी बंद होते. पाइपच्या दोन्ही टोकांचे आटे उजवेच असतात. शेवटचा दांडा एका टीमध्ये आवळायला फिरवला की तो दुसऱ्या टीमधून सुटत जातो. युनियन मध्ये घातली की दोन्ही अर्धे आपापल्या टीमध्ये आवळता येतात आणि मधली ढिबरी फिरवून जोडता येतात. युनियन खालच्याच दांड्यात घ्यावी. वर घेतली तर हॅंगर तेथे अडतील. सगळ्या युनियन एका लांबीच्या नसतात, म्हणून खालचे दोन अर्धे कापण्यापूर्वी युनियन हातात घेऊन माप ताडून पाहावे.

जोडणी वरून खाली करावी, सगळे जमिनीवर दोन विटांवर आडवे ठेवून. आधी चार फुटी दांड्याला दोन्ही एल्बो लावावेत. एल्बो घट्ट होत आले की दोन्हींची तोंडे एकाच रेषेत आहेत का हे पाहावे. एक आकाशाकडे आणि एक दाराकडे राहिले तर खांब तिरपे जातील. शेवटचा पाव-अर्धा आटा दोन पान्यांनी ओढून रेषेत आणावा. पाइप पाने दोनच लागतात, एकाने धरायचे, दुसऱ्याने फिरवायचे. एल्बोत खांब आवळावेत. खांबाच्या खालच्या टोकाला टी, तिचे बाजूचे तोंड आतल्या बाजूला. टीच्या खाली निपल, निपलखाली दुसरी टी उलटी, म्हणजे तिची दोन तोंडे पुढे-मागे होतील. त्या दोन तोंडांत नऊ-नऊ इंची पाय आणि पायांना कॅप. शेवटी खालचे दोन अर्धे दांडे आणि युनियन. पाणी जायचे नाही, त्यामुळे टेफ्लॉन टेप किंवा सफेदा-सुतळी काहीही नको. टेपने आटे उलट गुळगुळीत होतात आणि सांधा फिरतो.

उभा केल्यावर दांडा जमिनीपासून पाच फुटांना इंचभर कमी भरतो आणि पायांची रुंदी वीस इंचांच्या आसपास होते. खालचा आडवा दांडा मुद्दाम जमिनीलगत ठेवला आहे, नाहीतर चव्वेचाळीस इंची शेरवानीचा घेर त्यावर घासतो. शहाबादी फरशी असेल तर कॅपवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चढवावेत. चाके लावू नयेत असे आमचे मत. भरलेला स्टॅण्ड ढकलताना चाक फरशीच्या सांध्यात अडकले की तो तोंडावर येतो.

आता ज्या गोष्टीने पाइपचे स्टॅण्ड बदनाम होतात ती सांगतो. नव्या पाइपवर कारखान्याच्या छापाची शाई असते आणि आटे पाडताना लावलेले तेल टोकांना राहते. दोन्ही पांढऱ्या कुडत्यावर उतरतात. रॉकेलच्या किंवा टर्पेण्टाइनच्या फडक्याने पाइप पुसावा, मग साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवावा आणि पांढऱ्या मलमलचा तुकडा दांड्यावर रगडून पाहावा. तुकडा पांढरा निघाला तरच कपडा टांगावा. दुसरे म्हणजे आटे पाडले की तेथला जस्ताचा थर निघून जातो. पावसाळ्यात पहिला गंज एल्बोजवळच्या उघड्या आट्यांवरच येतो आणि काठाच्या हॅंगरवरचा कपडा खांद्यावर तांबडा डाग घेऊन उतरतो. उघड्या आट्यांना रेडऑक्साइड आणि वर ऑइलपेंटचा हात द्यावा, जोडणी पूर्ण झाल्यावर. पेंटचा वास जाईपर्यंत स्टॅण्ड बाहेर ठेवावा. कपड्याला वास लागला तर तोही डागच. हॅंगर सरकत नसतील तर दांड्यावर मेणबत्ती फिरवावी. सॅण्डपेपरने घासून जस्त काढू नये.

ज्यांच्याकडे जमिनीवर जागाच नाही, त्यांना दोन वाटा आहेत. भिंत सिमेंटची असेल तर फ्लॅंजऐवजी तिकोनी ब्रॅकेट घ्यावे, ज्याची भिंतीला टेकणारी पट्टी फूटभर उंच आहे आणि खाली तिरपा आधार आहे. वरच्या हिशेबात अडीचच्या जागी बारा घालून पाहा, शहाण्णव किलोची ओढ वीस किलोवर येते. सामान तेवढेच, फरक फक्त उंचीचा. दुसरी वाट माळवदाच्या जुन्या घरांची. छताची तुळई शाबूत असेल तर तिला दोन साखळ्या गुंडाळून त्यात दांडा टांगावा. भार सरळ खाली येतो, भिंतीचा प्रश्नच उरत नाही. तुळईला आधी टोचा मारून पाहावे, वाळवीने पोखरलेले लाकूड वरून धडधाकट दिसते.

काहीजण बांबू वापरतात. किनवटच्या जंगलाचा बांबू आपल्या जिल्ह्यातलाच आहे आणि चार फुटांला चांगला जाड बांबू कोटांचे वजन सहज घेतो. पण त्याला भुंगा लागला की पिवळा भुसा रोज कपड्यांच्या खांद्यावर पडतो. दहा दिवसांच्या सेलला बांबू ठीक, कायमच्या कामाला नाही.

कसाही बनवला तरी कपडे टांगण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. पन्नास किलोची सिमेंटची गोणी दोन दोरांनी दांड्याच्या मध्यावर, जमिनीपासून चार बोटे वर टांगावी आणि रात्रभर तशीच सोडावी. तिच्याखाली कोणी झोपू नये. सकाळी सांधे पाहावेत, युनियनची ढिबरी पुन्हा आवळावी. उभ्या स्टॅण्डला ही परीक्षा एकदाच पुरते. भिंतीवरच्या दांड्याला दर सराईच्या आधी घ्यावी लागते.

आठवडी बाजार करणाऱ्या बांधवांसाठी एवढेच की युनियन सोडून दोन्ही बाजू वरच्या दांड्यावरून फिरवून काढल्या तर स्टॅण्डचे तीन भाग होतात आणि टेम्पोच्या टपावर बसतात. आमचा दुसरा स्टॅण्ड मास्टर असाच नेतात. वरचे आटे दर आठवड्याला उघडून झिजतात, म्हणून वर्षाकाठी दोन एल्बो बदलतात. पहिला स्टॅण्ड दुकानातच आहे, त्याच मागच्या भिंतीसमोर, तिला न टेकता.